पत्रावळ्या तेवढ्या तुम्ही आणा

हापिसातल्या मॅडमनी माझ्या आईपुढं पन्नासची नोट धरली. आमच्याच वावरात, विहिरीपाशी. आई भांडी घासत बसलेली. हात राखेनं भरलेले.

"घ्या मावशी. दिवसभर राबलात."

आईनं नोटेकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मी चार पावलांवर उभी होते. मी मान खाली घातली. मग आईनं हात पदराला पुसले, नोट घेतली आणि म्हणाली, "बरं बाई."

ते वावर आईच्या नावावर आहे. दोन एकर, पुसेगावच्या पुढं. बाप गेल्यावर तिनं ते एकटीनं कसलं. त्याच वावरात आलेल्या पाव्हण्यांनी तिला मजुरी दिली. पण तिला मजूर केलं होतं मी.

मी हिंगोलीला एका हापिसात क्लार्क आहे. आमच्याकडं दर हिवाळ्यात हुरडा असतो, दर वर्षी वेगळ्या कोणाच्या शेतात. रीत ठरलेली. यजमानानं जागा आणि हुरडा द्यायचा, बाकीचा भार पाव्हण्यांनी वाटून घ्यायचा. कोणी दही आणायचं, कोणी चटणी, कोणी तिळाच्या पोळ्या. रिकाम्या हातानं कोणी यायचं नाही.

पहिल्या वर्षी मी विचारलं, "मी काय आणू?" हेडक्लार्क मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पत्रावळ्या आणा. आणि पाण्याच्या बाटल्या." दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मी म्हणाले, "मी धपाटे करून आणते." मॅडम हसल्या. "अहो, कशाला एवढी तकलीफ? पत्रावळ्या तेवढ्या तुम्ही आणा."

आम्ही बौद्ध. हापिसात सगळ्यांना माहीत. कोणी कधी वावगा शब्द काढला नाही. फक्त माझ्या घरात शिजलेलं काही त्यांच्या पंगतीत येत नव्हतं. माझा वाटा चालायचा, पण दुकानातला. सीलबंद. मला कळत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. कळत होतं. पण बोललं तर पंगतीतून उठावं लागलं असतं. मला पंगत सोडायची नव्हती.

पाचव्या वर्षी, पेरणीच्या आधीच, एकानं सहज म्हटलं, "ताई, यंदा तुमच्याकडं?" सगळे मॅडमकडं बघायला लागले. मग मॅडमनी विचारलं, "पण तिथं करणार कोण सगळं?"

प्रश्न काय आहे ते सगळ्यांना समजलं. मलाही. मी लगेच म्हणाले, "शेजारच्या वावरातल्या काकू आहेत. पाटलांच्या घरातल्या. त्याच करतील."

मॅडमचा चेहरा सैल झाला. "मग जमलं की."

मला कोणी तसं बोलायला लावलं नव्हतं.

आईनं त्या साली हुरड्याची ज्वारी वेगळी पेरली होती. लेकीच्या हापिसातले पाव्हणे येणार म्हणून गावभर सांगितलं होतं. मी आदल्या दिवशी गेले. म्हणाले, "आई, तू आगटीपाशी नको बसू. धूर लागतो. काकू बसतील."

"धूर आजच लागून राहिला का मला?" आई म्हणाली. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. मी भांड्याकडं बघते."

तिला समजलं होतं. मी तरी तसंच राहू दिलं.

काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुज्या मायला बरं वाटंल का गं?"

"तिनंच सांगितलंय," मी म्हणाले.

पाव्हणे दोन जीपांतून आले. काकू आगटीत कणसं भाजून, चोळून देत होत्या. पाव्हणे गरम हुरडा खात होते, वा वा म्हणत होते. कणसं आईनं पहाटे थंडीत खुडली होती. कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आई विहिरीपाशीच होती. तिनं जेवायला कधी घेतलं, मला माहीत नाही.

निघताना मॅडमनी काकूंची ओटी भरली. नारळ, खण. "यजमानीणबाई, फार छान केलंत."

काकू अवघडल्या. "अवो, वावर माजं न्हाई, ते..."

"घ्या हो काकू," मी मधेच म्हणाले.

तिथून मॅडम विहिरीकडं गेल्या.

जीपा गेल्यावर काकू नारळ-खण घेऊन आईकडं आल्या. "हे तुमचं हाय." आई म्हणाली, "न्हाई, तुमीच ठुवा. तुमी राबल्या." आवाजात राग नव्हता. मी म्हणाले, "आई, त्यांना माहीत नव्हतं."

"त्यांला न्हवतं," आई म्हणाली. "तुला?"

आणि पातेली एकात एक घालायला लागली.

त्यानंतर वर्षभर मी रविवारी गावी जायचे. आई जेवू घालायची, चार गोष्टी बोलायची. तो विषय तिनं काढला नाही. मी काढला नाही. तिनं भांडायला पाहिजे होतं.

या हिवाळ्यात हापिसात पुन्हा ठरवाठरवी झाली. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडं नेहमीचं."

"न्हाई." हापिसात मी असं बोलत नाही. तोंडातून घरचा शब्द गेला. "मी धपाटे आणणार. आईच्या हातचे. पत्रावळ्या दुसऱ्याला सांगा."

मीच पुढं बोलले. "गेल्या वर्षी विहिरीपाशी तुम्ही जिला पन्नास रुपये दिले ती माझी आई. वावर तिचं. यजमानीण ती होती. तुम्ही जेवावं म्हणून मी तिला लपवलं."

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, मग तेव्हाच सांगायचं. आम्ही असलं काही मानत नाही."

"मग धपाटे खाल," मी म्हणाले.

हुरडा वारंगा फाट्याजवळ एकाच्या शेतात झाला. मी डबा उघडून सगळ्यांच्या डब्यांत ठेवला. दही संपलं. पोळ्या संपल्या. धपाटे जीपच्या ड्रायव्हरनं घेतले आणि नव्या क्लार्कनं घेतले. बाकीच्यांची पोटं भरली होती. मॅडमनी डब्याकडं बघितलंसुद्धा नाही.

उरलेले धपाटे मी परत नेले. आईसमोर डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. किती परत आले ते. मॅडमना काय बोलले ते. काकूंना आईच्या नावावर खोटं सांगितलं होतं, तेही. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तिथं हिरीपाशी बसवलेलं इसरता येत न्हाई बाई."

मी तिला विसर म्हणणार नाही. माफ कर म्हणून तिच्या मागं लागणार नाही. तो तिचा हक्क आहे.

माझं मी ठरवलं आहे. दर वर्षी डबा नेणार. माझ्या घरचं ज्याला चालत नाही, त्याच्या घरचं मी खाणार नाही. पंगत सुटली तर सुटली. आणि आमच्या वावरात हुरडा होईल तेव्हा आगटीपाशी आई बसेल. तिच्या हातून घेणं ज्याला जमत नाही, त्यानं जीपमधून उतरू नये.