सुरण आणि सहीचा कागद

आमच्या घरी मूळव्याधीचं औषध पिकायचं. परतवाड्याकडे आमचा भाजीचा मळा होता आणि बांधालगत सुरणाचे गड्डे लावलेले असत. आसपासच्या गावांत कुणाला परसाकडे रक्त पडू लागलं की तो आमच्याकडे येई. वडील गड्डा निवडून देत, मीठ न घालता ताकात शिजवायला सांगत. त्यामुळे त्यांना स्वतःला रक्त पडू लागलं तेव्हा त्यांनी कुणाला विचारलंच नाही. सुरण खाल्ला. वर्षभर खाल्ला, हे मला फार उशिरा कळलं.

मी तेव्हा अमरावतीला इंटर सायन्सला होतो. घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. सुटीत घरी गेलो तर त्यांचा सदरा अंगावर लोंबत होता. आईनं चुलीपाशी हळूच सगळं सांगितलं. बापाला असलं काही विचारायचं कसं, ते मला कळेना. मला खोली बदलायची आहे, सोबत या, असं काहीतरी खोटं बोलून मी त्यांना अमरावतीला आणलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटानं तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की ही मूळव्याध नाही, गुदाशयाचा कॅन्सर आहे.

डॉक्टर पुण्याकडचे होते. आमच्या लोकांचं बोलणं त्यांना अर्धंच समजे. या आजाराच्या रोग्यांची ते एक वही ठेवत. वडील भरती झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही माझ्याजवळ बसून यांचं बोलणं लिहून द्याल का?" मला कुणी अहोजाहो करायचं नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आजार किती महिन्यांपासून आहे, ते त्यांना हवं असे. रोगी सांगत, "पोयापासून", "मांगच्या कपाशीच्या येचनीपासून". मी पोळा, कापसाची वेचणी यांचा मनात हिशेब करून महिने लिही. लिहिता लिहिता दिसू लागलं, की सगळ्यांची गोष्ट एकाच वळणानं जाते. आधी रक्त, मग शेजाऱ्यानं किंवा वैदूनं ठरवलेली मूळव्याध, मग लाजेचे महिने, आणि पोट अडल्यावर दवाखाना. डॉक्टर एकदा म्हणाले, "तपासायला दोन मिनिटं लागतात आणि इथवर यायला यांना दोन पोळे लागतात." त्या वहीत वडिलांची ओळही मीच लिहिली होती.

वडिलांच्या शेजारच्या खाटेवर अकोल्याकडचे एक शेतकरी होते. त्यांनाही तोच आजार. ते वडिलांना चिडवत, "भाऊ, तुमच्याकडला सुरण म्याबी खाल्ला. काई फरक नाई पडला."

"तुमी मीठ घातलं असन," वडील म्हणत.

ऑपरेशन ठरलं. सहीचा कागद इंग्रजीत होता. डॉक्टरांनी तो माझ्या हातात दिला. "गाठीबरोबर खालचा भाग काढावा लागेल. आतड्याचं तोंड पोटावर येईल आणि ते कायमचं राहील. हे त्यांना कळल्याशिवाय सही घेऊ नका."

मी खाटेपाशी गेलो. वडील आठवडी बाजारात पालात बसून भाजी विकत. बायका त्यांच्या अगदी पुढ्यात वाकून मेथी निवडत. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी म्हणालो, "बाबा, गाठ काढतेत. थोडे दिवस पोटावरून परसाकडे व्हईन. मंग पाहू."

"मंग पाहू" हे माझं होतं. कागदावर तसं काही नव्हतं. त्यांनी सही केली.

जखम भरत आली. आई जुन्या धोतराच्या घड्या करून नर्सबाईंकडून बांधायला शिकली. एका सकाळी वडिलांनी मला विचारलं, "हे कधी बुजवतेत?"

मी म्हणालो, "बुजवत नाईत, बाबा."

"तुले मालूम होतं?"

"हो."

"डाक्तरनं सांग म्हनलं होतं?"

"हो."

ते म्हणाले, "सही मायी होती. तुयी नाई." आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर मी समोर असलो तरी ते आईला म्हणत, "त्याले सांग, कॉलेजात जा म्हना."

चार-पाच दिवसांनी अकोल्याच्या त्या शेतकऱ्यांच्या ऑपरेशनचा सहीचा कागद आला. त्यांच्यासोबत आलेल्या मेहुण्याला वाचता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी तो मलाच दिला. मी स्टूल ओढून बसलो, तेवढ्यात मागून वडिलांचा आवाज आला, "थांब."

ते पोटाला हात लावून हळूहळू चालत आले आणि शेतकऱ्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसले. "आता वाच. समदं वाच. मधलं सोडू नको."

मी एकेक वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगू लागलो. आतड्याचं तोंड पोटावर कायमचं राहील, हेही सांगितलं.

"आयकलं का भाऊ?" वडील म्हणाले. "बुजत नाई. जल्मभर राह्यते." आणि त्यांनी बंडी वर करून घडी बाजूला केली.

शेतकऱ्यांनी वाकून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "बाजारात बसता येते काय?"

"ते आजून मलेच पाहाचं हाय. बसलो का तुमाले पत्र धाडतो." वडिलांनी माझ्याकडे न पाहता हात केला. "हे पोट्टं लिवते."

शेतकऱ्यांनी त्या दिवशी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी केली.

पत्र मी दोन महिन्यांनी लिहिलं, मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसून. वडील सांगत होते, "लिव, बसलो. मेथी इकली. कापड दोनदा बदललं. कोनी काई म्हनलं नाई." मी तेवढं लिहून थांबलो. त्यांनी थोडा विचार केला. "एका बाईनं नाकाले पदर लावला आन् पुढे गेली. तेबी लिव."

मी तेही लिहिलं आणि सगळं पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.