बिनपान्याची सीट

लग्नानंतर माझी बायको मला एकदाच सोडून गेली, आणि तेव्हा आमच्या मोटरसायकलचा वेग ताशी वीस किलोमीटर होता.

वीस म्हणजे काही वेग नव्हे. आमच्या मखमलाबादेत म्हशीसुद्धा त्याहून जोरात वळतात. तरी ती गेली, सीटसकट गेली, आणि त्यानंतर कितीतरी दसरे माझ्या मागची जागा रिकामी राहिली. त्या जागेवर मी झेंडूच्या गोण्या नेल्या, युरिया नेला, एकदा तर शेजाऱ्यांचा बोकड नेला (तोही पूर्ण वाट माझ्याकडे संशयाने बघत होता). पण मंदा काही बसली नाही.

हे सगळं झालं ते एका पान्यामुळे.

आम्ही फुलं पिकवणारी माणसं. पहाटे झेंडू, शेवंती गोण्यांत भरायची आणि मोटरसायकलवर टाकून बाजार गाठायचा. आता लांबलचक गुबगुबीत सीटवर गोणी ठेवली की ती म्हाताऱ्या पाहुण्यासारखी डुलायला लागते. म्हणून मी रोज सीट काढायचो, तिथे फळी बसवायचो, आणि बाजारातून आल्यावर परत सीट लावायचो. सीटला दोन बोल्ट, आणि त्यांना लागायचा बाराचा पाना. आमच्या घरात बाराचा पाना ही वस्तू वापरण्यासाठी नसून शोधण्यासाठी आहे. तो कधी विहिरीच्या मोटारीपाशी सापडायचा, कधी गव्हाच्या कोठीखाली. एकदा मंदा त्याने आलं ठेचताना सापडली.

"अहो, धुऊन घेतलाय," ती म्हणाली. जणू माझी तक्रार स्वच्छतेची होती.

तेव्हा मी ठरवलं, पाना नकोच. सीट अशी करायची की हात लावला की निघाली पाहिजे. मी करवत घेतली आणि सीटचे दोन तुकडे केले. पुढचा माझा, तो कायमचा पक्का. मागचा मंदाचा, तो सुटा. मागच्या तुकड्याची पुढची पट्टी माझ्या सीटखाली सरकवायची आणि शेपटाकडे पत्र्याच्या पेटीला असते तशी कडी लावायची. कडी हिसक्याने उघडू नये म्हणून तिच्यात एक पिन. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात ना, तशीच, फक्त बोटाएवढी. पिन ओढा, कडी उचला, सीट हातात!

अख्खी गल्ली बघायला आली. मी वीसेक वेळा सीट काढून दाखवली. एकाने तर मला म्हटलं की हे परदेशात कळलं तर तुला उचलून नेतील. माझे वडील, तात्या, ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. ते एवढंच म्हणाले, "निघते छान. राहते का?"

मी हसलो. शोध लावणाऱ्यांना घरचे लोक असंच बोलतात.

आणि खरं सांगायचं तर सीट उत्तम राहिली. श्रावण, भाद्रपद सगळा मंदा त्या सुट्या सीटवर बसून हिंडली. तिचं माहेर देवळ्याचं, घरची कांद्याची शेती. दिंडोरी, वणी करत आम्ही जायचो आणि वाटेतल्या एकेका रानावर मागून तिचं बोलणं चालू असायचं. "हे रोप दाट टाकलं." "याला पाणी जास्त झालं." "ही बाई कोण, बांधावर नुसती उभी?" तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर असायचा. खड्डा दिसला की ती खांदा दाबायची, ट्रक दिसला की चिमटा काढायची. माझ्या गाडीला तीन ब्रेक होते आणि त्यातला हा तिसरा सगळ्यात चांगला लागायचा.

मग दसरा आला.

दसरा म्हणजे आमची परीक्षा, निकाल आणि दिवाळी एकाच दिवशी. पहाटेपासून मी झेंडूच्या खेपा केल्या. घरी येईपर्यंत मंदाने पूजा मांडली होती. पाटावर विळे, खुरपी, पक्कड, फवारणीचा पंप आणि (आश्चर्य म्हणजे) बाराचा पाना. मला भरून आलं. मी गाडीची पिन काढली आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"हे काय?" मंदा म्हणाली.

"माझा शोध. त्यालाही हळदीकुंकू लाव."

"बाकीच्या हत्यारांनी वर्षभर काम केलंय. याने काय केलंय?"

"तुला धरून ठेवलंय."

तिने पिनेला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूलही ठेवलं. आरती झाली, जेवणं झाली, मंदा मोरपंखी साडी नेसून आली. देवळ्याला सोनं द्यायला जायचं होतं. मी सीट बसवली, कडी लावली आणि पिन घ्यायला पाटाकडे वळलो.

"हात लावायचा नाही," तात्या गरजले. "पूजेला बसलेलं हत्यार सीमोल्लंघन होईस्तोवर उचलायचं नाही. माझ्या बापाने कधी उचललं नाही."

"तात्या, ती नुसती पिन आहे."

"कुंकू लावलंय ना? मग हत्यार झालं."

आता तात्यांशी वाद घालायचा तर देवळ्याला दिवाळीतच पोहोचलो असतो. मी इकडेतिकडे पाहिलं. दाराशी आपट्याचा ढीग होता. त्यातली एक बरीशी काडी मोडली आणि पिनेच्या जागी खुपसली. अगदी घट्ट बसली.

"बघ," मी मंदाला म्हणालो, "आज तुझ्या सीटला सोन्याची पिन."

ती हसली आणि बसली. तो हात खांद्यावर आला. त्या हाताचं वजन मला आजही ग्रॅममध्ये सांगता येईल.

दिंडोरीच्या अलीकडे एका गावात शाळेसमोर स्पीडब्रेकर आहे. स्पीडब्रेकर कसला, गावाने हौसेने बांधलेला घाटच तो. माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी मनात एक वाक्य जुळवत होतो. सगळ्या नाशकाला फुलं पुरवणारा मी, बायकोला कधी एक गजरा दिला नव्हता, की चार गोड शब्द बोललो नव्हतो. मंदा ते अधूनमधून ऐकवायची. त्या दिवशी हवाच अशी होती की म्हटलं, आज बोलायचं. स्पीडब्रेकर आला, गाडी उडाली, आदळली, आणि मी घसा साफ केला.

"मंदे," मी म्हणालो, "एक सांगू? तू मागे नसलीस ना, की मला गाडी हलकी लागते. उडून जाईल असं वाटतं. तू बसलीस की कशी रस्त्याला धरून चालते. माझंही तसंच आहे बघ."

मागून काही उत्तर आलं नाही. मी समजलो, लाजली. पुढे चढ होता. एरवी तिथे गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकते, पण त्या दिवशी तिसऱ्या गिअरवर पाखरासारखी वर गेली. "नवा प्लग टाकलाय," मी अभिमानाने मागे सांगितलं. मग मी आमच्या लग्नातल्या आठवणी काढल्या. मग एक गाणंही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मंदाने मला मध्ये तोडलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चहाच्या टपरीपाशी थांबलो. पाय टेकवले, गाडी जराशी कलती केली. "उतर, चहा घेऊ."

टपरीवाला किटली धरून माझ्याकडे बघत राहिला. "कोन उतरनार, दादा?"

मी मागे पाहिलं. मागे मंदा नव्हती. सीट नव्हती. नुसता लोखंडी सांगाडा, आणि कडीत अडकलेलं आपट्याचं एक पान.

परत कसा आलो ते मला आठवत नाही. वाटेत मी सगळ्या देवांना इतके नवस बोललो की अजून फेडतोय. शाळेपाशी गर्दी दिसली. गर्दीत घुसलो. रस्त्याच्या कडेला एका म्हातारीने विकायला झेंडूचा डोंगर मांडला होता, आणि मंदा सीटसकट थेट त्या डोंगरात उतरली होती. खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि बसून राहील तर ती मंदा कसली? चुरगळलेली फुलं बाजूला करून, चांगली निवडून, आपल्या त्याच सीटवर मांडी घालून ती तराजू धरून विकत होती. भोवती गर्दी होती ती गिऱ्हाइकांची.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमीच व्हय ते? बायको पडली अन् तुमाला कळलं नाय?"

मी मंदासमोर उभा राहिलो. तिने मान वर केली नाही.

"अर्धा किलो का किलो?" तिने विचारलं.

"मंदे, मी आहे."

"मग बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

त्या दिवशी ती जीपने देवळ्याला गेली. सीट काखेत मारून गेली. "ही माझी आहे," म्हणाली, "हिने साथ सोडली नाही." आजही माझे सासरे कांद्याच्या चाळीपाशी त्याच सीटवर बसून कांदा निवडतात. मी गेलो की प्रेमाने म्हणतात, "बसा जावाई. ही पडत नाही."

मी पुढच्याच आठवड्यात अखंड नवी सीट बसवून घेतली. दोनऐवजी सहा बोल्ट. भूकंपात नाशिक हललं तरी ती सीट हलली नसती. मी मंदाला बोल्ट दाखवले, हिसके मारून दाखवले, तात्यांना वर बसवून गल्लीभर फिरवून आणलं.

"छान आहे," ती म्हणाली. "गोण्या नीट राहतील."

तिने बॅटरीवरची स्कूटर घेतली. त्या स्कूटरची सीट चावी फिरवली की टक्कन उघडते, खाली डबा, पर्स, छत्री सगळं मावतं. पाना लागत नाही. ज्या शोधापायी माझं मागचं माणूस गेलं तो तिला कंपनीकडून आयता मिळाला होता.

मग आम्ही देवळ्याला दोन गाड्यांवर जायला लागलो. मी पुढे, ती मागे. ती मला आरशात दिसायची, सुपारीएवढी. तोंड हलायचं तिचं. कोणाचं रोप दाट टाकलंय ते बोलत असणार, पण मला ऐकू यायचं नाही. खड्डे आता मला खड्ड्यात गेल्यावरच कळायचे. कधी कधी ओळखीचा खड्डा आला की मीच आपला उजवा खांदा जरा दाबून घ्यायचो.

आणि ते वाक्य तसंच राहिलं. "त्या दिवशी टपरीपर्यंत तुम्ही काय बडबडत होता?" तिने एकदा विचारलं होतं. टपरीवाल्याने तालुक्यात बातमी केली होती की एक माणूस मोकळ्या गाडीशी संसाराच्या गोष्टी करत आला. मी म्हणालो, "काही नाही, प्लगबद्दल." भाजी चिरणाऱ्या बायकोसमोर उभं राहून असलं बोलता येत नाही हो. ते पाठीमागे बसलेल्या माणसालाच सांगता येतं.

गेल्या दसऱ्याला आदल्या दिवसापासून लाईट गेली. स्कूटर चार्ज झाली नाही. मंदा तयार होऊन अंगणात आली, स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्या गाडीकडे. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

"पूजेला गाडीचं काय काय काढून ठेवलंय?" तिने विचारलं.

"काहीच नाही. शप्पथ."

तिने सगळे बोल्ट बोटाने चाचपले. सीट धरून अशी हलवली की गाडी स्टँडवरून उतरली. तात्या ओट्यावरून म्हणाले, "राहते आता. निघत मात्र नाही." मग ती बसली. हात खांद्यावर आला.

मी काय सांगू? मखमलाबाद ते म्हसरूळ मी पहिल्या गिअरमध्येच गेलो.

"हे रोप दाट टाकलं," मागून आवाज आला.

शाळेचा स्पीडब्रेकर आला. खांदा दाबला गेला. "थांबा. इथे मी चालत ओलांडते." ती उतरली. मी एकट्याने गाडी पलीकडे नेली, थांबलो आणि समोर बघत ते वाक्य मनात नीट लावून घेतलं. पलीकडे म्हातारीचा झेंडू तसाच मांडलेला होता. मागे गाडीला जरा धक्का लागल्यासारखा वाटला. बसली, मी म्हटलं. आणि निघालो.

"मंदे," मी म्हणालो, "तू मागे नसलीस ना, की मला गाडी हलकी लागते..."

चढावर गाडी पाखरासारखी वर गेली.

टपरीवाल्याने मला लांबूनच पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दादा, मागल्या टायमाला सीट तरी नव्हती."

मी गाडी वळवून परत शाळेपाशी आलो. मंदा म्हातारीशेजारी बसली होती, मांडीवर तराजू. (धक्का पिशवीचा होता. बसायच्या आधी तिने गाडीला पिशवी अडकवली होती. पिशवी माझ्याबरोबर व्यवस्थित आली.)

"अर्धा किलो का किलो?" तिने मान वर न करता विचारलं.

गिऱ्हाइकं होती, म्हातारी होती, शाळेसमोर निम्मं गाव होतं. पण आता थांबलो असतो तर पुढचा योग कधी जुळला असता कुणास ठाऊक. मी सगळ्यांसमोर ते वाक्य म्हटलं. गाडी हलकी लागते इथपासून माझंही तसंच आहे इथपर्यंत. मध्ये दोनदा अडखळलो.

मंदाने तराजू खाली ठेवला.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी दोनदा रस्त्यावर सोडलंत?"

म्हातारीने एक गजरा उचलून माझ्या हातात कोंबला. मी तो मंदाच्या केसांत माळला, वाकडाच. मग ती आली, बसली, हात खांद्यावर ठेवला.

"आता देवळ्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही गोड बोलायला लागलात की मी गाडीवर नसते."

मी नाही बोललो. फक्त थोड्या थोड्या वेळाने डावा हात मागे नेऊन चाचपून बघत होतो. बऱ्याचदा चाचपल्यावर ती म्हणाली, "मी आहे हो. तुम्ही समोर बघा."

मी समोर बघितलं. समोर स्पीडब्रेकर होता.