नळ्या कुरतडणाऱ्यांचा बंदोबस्त

कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी आटपाडीकडच्या आमच्या डाळिंबाला ठिबक केलं, तेव्हा माझ्याएवढा शहाणा पंचक्रोशीत नव्हता. उघडे पाट बुजवले. विहिरीचा थेंबन् थेंब नळीतून थेट झाडाच्या बुडाशी. वाया काही जायचं नाही आणि कुणाला फुकट मिळायचंही नाही, याचा मला कोण अभिमान!

त्या उन्हाळ्यात कुणीतरी नळ्या कुरतडू लागलं. रोज सकाळी दोन-तीन ठिकाणी कारंजी. सांधे लावून लावून मी पिसाळलो. खारी असोत की कुत्री, मला देणंघेणं नव्हतं. बायको म्हणाली, "आवं, तहानेली असत्याल."

"मग मरू देत," मी म्हणालो आणि विष कालवलेले पिठाचे गोळे नळ्यांच्या कडेनं टाकले.

शेजारच्या माळावर एक म्हातारे मेंढपाळ राहायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आठ-दहा मेंढरं उरली होती आणि लांडग्यापासून ती राखायला एक कुत्री. दुसऱ्या दिवशी ती कुत्री आमच्या बांधावर तोंडाला फेस येऊन पाय झाडत पडली होती. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"वाईच पाणी दे रं गड्या."

"लाईट न्हाई, मोटर बंद हाय," मी म्हणालो. टाकी काठोकाठ भरलेली होती. आतून मी टरकलो होतो, पण जीभ निगरगट्ट. "कुत्रं बांधून ठेवायचं हुतं, मामा."

ते चिडले नाहीत. "पाट हुता तवा समदी त्यातच प्यायची. तू पाणी नळीत कोंडलंस. मग जनावरानं काय करायचं?"

कुत्री दुपारी गेली. उरलेले गोळे मी गुपचूप वेचले. राखणच गेल्यावर मामांनी त्याच आठवड्यात मेंढरं विकून टाकली.

तरी रोज संध्याकाळी ते यायचे. टँकरच्या रांगेत उभं राहून भरलेल्या घागरीतलं पाणी आमच्या बांधावर एका मातीच्या भांड्यात ओतायचे. त्यानंतर एकही नळी फुटली नाही.

"तुमी कशाला, मामा?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्या कुणाचं जनावर मराय नगं."

माझी टाकी तिथून दहा पावलांवर होती. अख्खा उन्हाळा मी ते भांडं त्यांनाच भरू दिलं.