पाहुणे आधी, आमंत्रण मागून

परराष्ट्र कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत जावकबाई बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला क्रमांक आणि तारीख द्यायची, मोठ्या बांधीव वहीत त्याची नोंद करायची आणि मगच ते पाकिटात घालायचं, हे त्यांचं काम. एकोणतीस वर्षं एकच काम केलं की ते माणसाचं आडनाव होऊन बसतं. घरून फोन आला तरी नवरा विचारायचा, "जावकबाई आहेत का जागेवर?" तो निवृत्त चित्रकला-शिक्षक. विद्यार्थी सुटल्यापासून त्याचे सगळे विनोद बायकोच्या वाट्याला येत. "आमचं लग्न अगदी कायदेशीर आहे बरं का," तो शेजाऱ्यांना सांगे, "हिनं क्रमांक टाकलाय."

बाईंची एक खोड अख्ख्या इमारतीला ठाऊक होती. इतर खात्यांतले कारकून दिवस संपला की शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या सोडत. त्यांना 'साहेबांच्या ओळी' म्हणत. काल करायचं राहिलेलं, किंवा काल केलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटलेलं, जे काही असेल ते या ओळींत गुपचूप जाऊन बसे. बाई मात्र शेवटच्या नोंदीला चिकटून पट्टीनं लाल रेघ मारत, रेघेवर सही करत आणि पेनाचं टोपण लावत. मुंगीनं मधे शिरायचं म्हटलं तरी तिला अंग चोरावं लागलं असतं.

याला कारण होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बाईही शहाण्यासारख्या दोन ओळी सोडत. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या टंकलेखक मैत्रिणीला एका सकाळी नोटीस न देता काढून टाकलं, आणि दुपारी कालच्या कोऱ्या ओळीत तिची नोटीस आढळली. म्हणजे तिला अगदी रीतसर काढलं होतं. तेव्हापासून बाईंच्या वहीत साहेबांना जागा उरली नाही.

अशा या बाईंच्या देशात एका गुरुवारी पहाटे एका बड्या देशाचं सैन्य आलं. लोकांनी खिडक्या उघडल्या तर कोपऱ्यावर, रोज दूधवाला सायकल लावतो तिथं, रणगाडा उभा. दूधवाला बिचारा पलीकडे सरकला होता. रेडिओ सांगत होता की आपल्या सरकारच्या आमंत्रणावरून मित्रराष्ट्राचे जवान शांतता प्रस्थापित करायला आले आहेत. सरकारलाही ही बातमी त्याच वेळी, त्याच रेडिओवरून कळली. शांततेची सगळ्यात जास्त निकड बंदराला असावी, कारण पहिली तुकडी तिकडे धावली. दुसरी तांब्याच्या खाणीवर गेली. इस्पितळात पुरेशी शांतता असणार. तिकडे कुणी फिरकलं नाही.

सोमवारी दुपारी उपसचिवसाहेब स्वतः जिना उतरून बाईंच्या खोलीत आले. एकोणतीस वर्षांत हे दुसऱ्यांदा घडत होतं; पहिल्यांदा ते खोली चुकले होते. सोबत पाहुण्यांच्या सैन्यातले एक मेजर होते. बंदूक नव्हती, कातडी पिशवी होती. हे सैन्याचे कायदेपंडित. आपली भाषा ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे आपल्या लोकांपेक्षा बरीच शुद्ध बोलत.

"बाई, एक छोटंसं काम होतं," साहेब म्हणाले. साहेबांच्या तोंडी 'छोटंसं' आलं की बाई आधी पेनाचं टोपण लावत. साहेबांनी एक पत्र पुढं केलं. शाई अजून वाळायची होती. आमच्या देशात येऊन मदत करावी, अशी कळकळीची विनंती. तारीख गेल्या मंगळवारची.

"हे मंगळवारी गेलं?" बाईंनी विचारलं.

"जायला हवं होतं."

"मग आज जाईल. आजचा क्रमांक देते."

मेजर अदबीनं पुढं झुकले. "भगिनी, आपण ध्यानात घ्यावे. बोलावल्यावरून आलो तर ते साहाय्य. न बोलावता आलो तर ते आक्रमण."

"आणि रणगाडे?"

"रणगाडे तेच."

"अच्छा. म्हणजे फरक सगळा माझ्या वहीत आहे!"

"सांप्रत तरी तिथेच," मेजर म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते; त्यांना उद्या सकाळी जागतिक सभेत पत्र आणि वहीच्या पानाची नक्कल दाखवायची होती.

साहेबांनी वही स्वतःकडे ओढली. बुधवारी सुट्टी होती, आणि गुरुवारपासून एकही पत्र बाहेर गेलं नव्हतं. मंगळवारच्या सहा नोंदी, खाली लाल रेघ, रेघेवर सही. साहेबांनी पान उजेडात धरलं, तिरकं धरलं. जागा सापडेना.

"अहो, दोन ओळी सोडायला काय झालं होतं तुम्हाला? सगळी इमारत सोडते!"

"सवय नाही साहेब."

"नवी वही करू."

"करा ना. वर्षाच्या दोन हजार एकशे सतरा नोंदी आहेत, सगळ्या माझ्या अक्षरात. सकाळी बसले तर तीन आठवड्यांत होईल. सभा थांबेल का तेवढी?"

मग साहेबांनी खिशातून खाडाखोडीचं पांढरं रसायन काढलं. सहापैकी एक नोंद बुजवायची आणि तिच्यावर आमंत्रण लिहायचं. पाच पत्रं वकिलातींना आणि मोठ्या खात्यांना गेलेली. ती बुजवली तर बोंब होईल. सहावं, क्रमांक दोन हजार एकशे सतरा, चौकातल्या घड्याळजींना नदीपलीकडच्या देशात मुलीकडे कायमचं राहायला जायची परवानगी.

"ही घ्या," साहेबांनी बोट ठेवलं. "हा कुणाकडे तक्रार करणार?"

बाईंचा चेहरा उतरला. घड्याळजी अकरा महिने दर सोमवारी त्यांच्या खिडकीशी येत. बायको गेलेली, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. घड्याळातला काटा दिसेना म्हणून ते आता कानानं दुरुस्ती करत. उद्या सकाळच्या गाडीनं ते निघणार होते. पुलावरच्या चौकीतून खात्री करायला याच खोलीत फोन येतो. वहीत क्रमांक सापडला नाही की माणूस परत, आणि परवानगीचा कागद जप्त.

"साहेब, त्यांना उद्या पुलावरून मागं फिरवतील."

"फिरतील. पुन्हा अर्ज करतील. देशाचा प्रश्न आहे बाई!"

"कुठल्या?"

साहेबांचा आवाज चढला. चार महिन्यांनी तुमची निवृत्ती. सरकारी घर कधी सोडायचं ते आमच्या हातात आहे. निरोप समारंभात बोलायचं की चौकशी समितीपुढे, ते तुम्ही ठरवा. घरात नवऱ्याची चित्रं भिंतीभर लावलेली, ती काढायला नुसता एक दिवस लागला असता. बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"करते," त्या म्हणाल्या. साहेबांचा चेहरा खुलला. "फक्त लेखी आदेश द्या. जुनी नोंद बदलायची तर नियमानं आदेश लागतो. त्यालाही आजचा क्रमांक पडेल. विषय मी सुचवते: 'पाहुणे आल्यानंतर, ते येण्यापूर्वीच्या तारखेस आमंत्रण पाठविले असल्याची नोंद करणेबाबत.' कुणाच्या सहीनं काढायचा? साहेबांच्या की मेजरसाहेबांच्या?"

साहेबांनी मेजरांकडे पाहिलं. मेजरांनी साहेबांकडे पाहिलं. दोघांनाही एकाएकी पेन सापडेना.

मेजर कायद्याचे पंडित असल्यानं आधी भानावर आले. "हा आदेश निघाला तर आमचे पत्र खोटे आहे, याचा उत्तम पुरावा तोच ठरेल," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला आणि उसासा टाकला. "असो. आमच्यापाशी आणखी एक कारण आहे."

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "राखीव ठेवता वाटतं?"

"किमान तीन," मेजर नम्रपणे म्हणाले.

संध्याकाळच्या बातम्यांत आमंत्रणाचा शब्द नव्हता. सैन्य आलं होतं ते इथं अडकलेल्या स्वतःच्या नागरिकांच्या सुटकेसाठी. शोध घेता असा नागरिक एकच निघाला. बदकांचे फोटो काढायला तळ्यावर आलेला एक म्हातारा. मला सोडवू नका, माझी बदकं बिथरतात, असं तो ओरडत असताना त्याची यशस्वी सुटका झाली. नवरा रेडिओपुढं पोट धरून हसला. मग बायकोकडे बघून त्यानं आवाज कमी केला.

"काय गं, काय झालं?"

"उद्यापर्यंतच जागेवर आहे मी. परवापासून तळघरात, जुन्या कागदांत. आणि घराची नोटीस येईल असं म्हणाले."

तो उठला. भिंतीवरची दोन चित्रं त्यानं उतरवून पाहिली. "एवढी काही जड नाहीत," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी बाई नेहमीपेक्षा लवकर जागेवर होत्या. साडेनऊला फोन वाजला. चौकीवर आता पाहुण्यांचा सैनिक होता, सोबत दुभाष्या.

"क्रमांक दोन हजार एकशे सतरा?"

"आहे," बाई म्हणाल्या. वही उघडीच होती. "गेला मंगळवार. सहावी नोंद. सही माझी."

पलीकडे कुजबुज झाली. "शिपाई विचारतोय, हा म्हातारा दुसऱ्या देशात कुठल्या हेतूनं चाललाय?"

"मुलीजवळ राहायला."

"तिनं बोलावलंय का? की आपला असाच चाललाय? असं कुणालाही दुसऱ्याच्या देशात शिरता येत नाही, म्हणतोय तो."

बाईंनी फोन क्षणभर कानापासून दूर धरला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"अगदी बरोबर बोलतोय," त्या म्हणाल्या. "त्याला सांगा, बोलावणं आहे. मुलीच्या सहीचं. तारीख निघण्याच्या आधीची."

दुभाष्यानं ते सांगितलं. पलीकडे लोखंडी आडवा दांडा करकरत वर गेला, आणि घड्याळजी कुणाला तरी म्हणाले, "तेल घाला हो याला."