हमीदभाईंची तोंडी परीक्षा

बिबवेवाडीतले हमीदभाई गाड्यांचं वायरिंग करतात आणि गिऱ्हाइकांना नापास करतात. दुसरं काम ते जास्त मन लावून करतात. गाडीत राहण्याची सोय म्हणून कुणी दुसरी बॅटरी बसवून घेतली, की काम झाल्यावर त्याची तोंडी परीक्षा. पास झालात तर बॅटरीच्या पेटीची चावी मिळते, नाहीतर गाडी तिथेच उभी.

"पूर्वी मी नुसतं समजावून सांगायचो," ते म्हणतात. "एका साहेबांनी छान मान हलवली आणि पंधरा दिवसांत उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. चांदी काही उडाली नाही. साहेबांची गादी जळाली."

मी श्रीनिवास, शनिवार पेठेत राहतो. चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. हे मी हमीदभाईंना पहिल्याच दिवशी ऐकवलं, तर ते म्हणाले, "असू दे."

माझ्या बायकोला, सरोजिनीला, मधुमेह आहे. इन्सुलिनचा साठा थंड ठेवावा लागतो, म्हणून सहा वर्षांत ती एक रात्रही घराबाहेर राहिलेली नाही. निवृत्त झाल्यावर मी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी व्हॅन घेतली, आत पलंग ठोकला, छोटा फ्रिज बसवला. फ्रिज मुक्कामातही चालायचा तर दुसरी बॅटरी हवी, आणि ती चालत्या गाडीवर चार्ज व्हायला हवी. आम्हाला गुहागरचा समुद्र बघायचा होता. म्हणजे मला बघायचा होता. ती "बघू" म्हणायची. पुण्यात "बघू" म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पहिली परीक्षा. "दोन बॅटऱ्यांच्या मधल्या वायरीला फ्यूज किती आणि कुठे?"

मी ओहमच्या नियमापासून सुरुवात केली. हमीदभाईंनी हात वर केला. "सर, नियम नको. फ्यूज दाखवा."

"एक पुरे," मी म्हणालो. "मध्ये कुठेही."

"नापास."

आठवड्याने दुसरी परीक्षा. फ्यूज उडाला तर काय कराल? मी म्हणालो, थोडा मोठा घालीन. त्यांनी वहीत पुन्हा फुली मारली. मला भयंकर राग आला. हा माणूस जुना विद्यार्थी असून सूड उगवतोय, असंही वाटून गेलं. तसं विचारलं, तर म्हणाले, "नाही हो. मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही."

दोन्ही वेळा नापास केल्यावर हमीदभाईंनी बरोबर उत्तर समजावलं, ते मी रागात ऐकलंच नाही. सरोजिनी दुकानातल्या स्टुलावर बसून स्वेटर विणत होती.

तिसरी परीक्षा शनिवारी होती. शकुनावर माझा विश्वास नाही, पण दोनदा नापास झालेल्या माणसाचा कशावरही बसतो. सिग्नलला लिंबू-मिरची घेतली. हमीदभाई पकड आणायला गेले होते आणि नवीन बॅटरीची पेटी उघडी होती. दृष्ट लागायची ती बॅटरीलाच, म्हणून लिंबू-मिरची ओवलेली तार मी तिच्या लाल खिळ्याला, म्हणजे धन टोकाला, अडकवली. खालचं टोक लोंबत जाऊन काळ्या खिळ्याला टेकलं.

फट्‌कन आवाज झाला. मिरच्या भाजल्या. दुकान ठसक्याने भरलं; शेजारचा पंक्चरवाला खोकत बाहेर पळाला आणि तिथून मला शिव्या देऊ लागला. हमीदभाई धावत आले, त्यांनी गाडीची सगळी दारं उघडली.

"तार बारीक होती म्हणून तीच फ्यूज झाली," मागून सरोजिनी म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "जाड असती तर आग लागली असती. आधी लाल खिळ्यावर टोपण घाला."

हमीदभाईंनी टोपण घातलं आणि तिच्याकडे वळले. "भाभी, फ्यूज किती?"

"दोन. दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक. वीज दोन्हीकडून येते, मग वायर मध्ये कुठेही घासली तरी दोन्हीकडची वीज तुटायला हवी."

"उडाला तर?"

"का उडाला ते आधी शोधायचं. मग तेवढ्याच ताकदीचा घालायचा."

"पास," हमीदभाई म्हणाले आणि चावी तिच्या हातावर ठेवली.

"अहो, गाडी माझी आहे!"

"गाडी तुमचीच, सर. चावी त्यांची."

सरोजिनीने चावी पदराच्या टोकाला बांधली. "सोमवारी निघू," ती म्हणाली.

माझा विश्वासच बसेना. "मग इतके दिवस नुसतं बघू, बघू का?"

"दुधाखालचा गॅस बंद करायला विसरता तुम्ही. तुमच्या भरवशावर मी माझं औषध ठेवू? सगळं शिकून घ्यायला मी केव्हाच तयार होते. तुम्ही विचारलंत कधी?"

चौतीस वर्षं मी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन विचारायचो, समजलं का म्हणून. घरात एकदाही विचारलं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली.

"हमीदभाई, मी पुन्हा परीक्षेला बसतो," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटून सरोजिनीकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा. त्या घेतात का बघा."

तिने विणकाम पिशवीत भरलं. "बघू," म्हणाली.