पेट्रोलचा नवा काटा

एकाहत्तरच्या लढाईनंतर वडील लष्करातून सांगलीला परतले आणि त्यांनी एक जुनी मोटार घेतली. तिच्या वायरींवरचं रबर हात लावताच भुगा होऊन गळायचं. सगळा उन्हाळा आम्ही दोघांनी नव्या वायरी ओढल्या, पेट्रोलचा काटाही नवा बसवला. मग बहिणीला सासरी वडूजला सोडायला निघालो, तर माळावर गाडी बंद पडली. वडिलांनी बॉनेट उघडून चिडचिडत एकेक वायर तपासली. शेवटी मी टाकीत काटकी घातली. ती कोरडीच निघाली.

"आवं दादा, पेट्रोलच न्हाई!"

"काटा तर टाकी भरल्याली दावतोय!" ते ओरडले. "परत सगळं उसकटायचं व्हय रं?"

तोवर बहीण हात करून एसटीत चढलीसुद्धा.