वामनभाऊंची पिशवी

जुने खेळाडू एका ठिकाणी बसले की किस्से थांबत नाहीत. सीझनमध्ये जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या बैलबंड्या लागतात, तसे एकामागे एक लागतात. जो तो आपण मारलेले गोल सांगतो. मी पडलो गोली, म्हणजे गोलकीपर! माझ्या खात्यावर फक्त खाल्लेले गोल. म्हणून मी आपला वामनभाऊंचे किस्से सांगतो.

वामनभाऊंनी जन्मात फुटबॉलला लाथ मारली नाही. अकोल्यात जठारपेठेत राहायचे आणि सेठजींच्या जिनिंगसाठी गावोगाव कापूस खरेदी करत हिंडायचे. क्लबही सेठजींचाच. त्यामुळे कापसासोबत खेळाडू आणायचं कामही भाऊंच्याच गळ्यात पडलं.

माझी यात एक पंचाईत होती. टीममध्ये जागा असेल तर जिनिंगमध्ये नोकरी, असा क्लबचा कायदा. मी गोली, म्हणून वजनकाट्यावर कारकून. नवा गोली आला की माझी दोन्हीकडून सुट्टी! आणि चांदूर बाजारला आई आणि दोन बहिणी माझ्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या. भाऊ कापडी पिशवी घेऊन निघाले की ते परत येईपर्यंत माझं लक्ष फाटकाकडे.

जायचे मात्र एकटेच. सेठजी एकदा म्हणाले, मुनीमजींना सोबत न्या. भाऊ म्हणाले, "दोघं जन गेलो का घरच्याइले वाटते जप्ती आली!"

* * *

बाळापूरच्या रहीममागे तीन क्लब लागले होते. डाव्या बाजूने असा पळायचा की बॅकला त्याची फक्त पाठ दिसे. एका क्लबने बूट देऊ केले, दुसऱ्याने घड्याळ.

भाऊ रहीमला भेटलेच नाहीत. त्याच्या अम्मीकडे गेले, अंगणात खाटेवर बसले, चहा प्याले, कापसाच्या गप्पा मारल्या आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. फुटबॉलचं नाव नाही!

शेवटी अम्मीच वैतागली. "भाईसाब, सब आते और लडके को ले जाने की बात करते. तुम कब करोगे?"

"आप बोलोगे तब," भाऊ म्हणाले.

त्याच आठवड्यात रहीम अकोल्यात! मी भाऊंना फाटकातच गाठलं. "भाऊ, कोण आणला?"

"लेफ्ट आउट."

मला इतकं हायसं वाटलं की भाऊंना तिथल्या तिथे चहा पाजला. चहा पिता पिता ते म्हणाले, "बूट पाहून येते ते पोट्टं घड्याळ पाहून जाते. माय धाडते ते टिकते."

* * *

मधुकर आमचा सेंटर हाफ. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि पोरगं शिकलंच पाहिजे हा बापाचा हट्ट होता. भाऊ गेले तेव्हा बाप सरळ म्हणाला, "खेळू द्या. पन म्याट्रिकच्या पेपराले कोनी याले मैदानात बोलावलं तर पोरगं वापस नेईन."

भाऊंनी शब्द दिला. आणि नेमकी फायनल पेपरच्या दिवशीच आली! सेठजी लालबुंद. "एका पेपरानं काय होते?"

"शब्द जाते," भाऊ म्हणाले.

आम्ही दहा जण खेळत होतो. हाफ टाइम झाला आणि मधुकर सायकल दामटत आला, बोटांना शाई तशीच. दुसऱ्या हाफमध्ये गोल त्यानेच मारला! मैदानभर टोप्या उडाल्या. बाप कडेला शांत उभा होता. मॅच संपल्यावर त्याने पोराला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पेपर कसा गेला?"

* * *

एक नावाजलेला फॉरवर्ड तर अमरावतीहून स्वतःच चालून आला. मला घ्या म्हणाला. सेठजी खूश! भाऊंनी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "तिकडची टीम कशी हाये?"

गडी सुटलाच. कॅप्टन चोर, कोच गाढव, गोलीला दिसत नाही. भाऊंनी सगळं ऐकलं, चहा संपू दिला आणि त्याला अमरावतीच्या मोटारीत बसवून परत पाठवलं.

"काहून?" सेठजी ओरडले.

"आज अकोल्यात बसून त्याइले शिव्या देऊन राह्यला. उद्या अमरावतीत बसून तुमाले देईन!"

* * *

भाऊंचे सगळेच डाव लागले असं नाही हं. एका राइट आउटला कायमचा अकोल्यात बसवायचा म्हणून भाऊंनी त्याचं लग्नच इथे जुळवलं. मुलगी भाजी विकणाऱ्या घरची, मोठी कर्तबगार. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिने नवऱ्याला बाजारात भाजीच्या दुकानावर बसवलं. आमच्या मॅचेस रविवारी!

भाऊ दर रविवारी तिला समजवायला जायचे आणि हात हलवत कसं यायचं म्हणून वांगी घेऊन यायचे. टीमला वांगी खाऊन खाऊन वीट आला. एका रविवारी तिनेच त्यांना लांबून पाहिलं आणि हाक मारली, "भाऊजी, वांगे सरले! आता मेथी न्या!"

* * *

आणि मग ते वर्ष आलं. फायनलला अमरावतीने आमच्यावर तीन गोल चढवले. तिन्ही माझ्या हातातून निसटून गेले. त्यांचा गोली दिगंबर मात्र भिंतीसारखा उभा होता. मॅच संपताच सेठजींनी सगळ्यांसमोर भाऊंना सांगितलं, "तो गोली मले पायजे."

भाऊ फक्त "बरं" म्हणाले. मी आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागलो.

दुसऱ्या दिवशी भाऊ काट्यापाशी आले. "चाल, अमरावतीले जाऊ."

"मी?"

"तूच. हे पिशवी धर."

पिशवीत चार संत्री होती. पिशवी एका बोटाला अडकवून मी मोटारीत बसलो. आपल्या जागेवर येणाऱ्या माणसाला आणायला आपणच चाललो आहोत, या विचाराने वाटभर मी ती चार संत्रीच मोजत राहिलो.

दिगंबरची आई सुपात तूर पाखडत होती. तिने आम्हाला पोहे दिले. नेहमी कापसावर रेंगाळणारे भाऊ आज एकदम मुद्द्यावर आले. "बाई, तुमचा पोरगा आमाले गोली म्हनून पायजे."

"काहून? तुमच्याकडं गोली नाई?"

"हाये नं. हा काय बसला."

मी पोह्यांची ताटली बाजूला सारली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग याचं काय?"

"याले कामावरून काढतीन," कापसाचा भाव सांगावा तसं भाऊंनी सांगितलं.

"अन् याची माय?"

"चांदूर बाजारले असते. दोन बहिनीबी हायेत लग्नाच्या."

बाईंनी सूप खाली ठेवलं. आतल्या दाराआड दिगंबर उभा होता, कधीचा तयार. त्याच्याकडे न वळताच त्या म्हणाल्या, "दिगंबर, तू कोठंच जाऊन नाई राह्यला!" मग माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. "खाय रे बाप्पा, लाजू नोको."

अकोल्याला परतलो ते थेट सेठजींकडे. भाऊ म्हणाले, "पोट्टं तयार होतं सेठजी. माय नाई म्हनते."

सेठजींनी कपाळावर हात मारला. माय नाही म्हणाली की भाऊ पुन्हा त्या घरी जात नाहीत, हे अख्ख्या क्लबला ठाऊक होतं. माझ्याकडे पाहून सेठजी म्हणाले, "मंग उभा काय हायेस? सकाळी काट्यावर बस, संध्याकाळी प्रॅक्टिस कर!"

बाहेर आलो. जिन्यातच मटकन बसलो आणि लहान पोरासारखा हसत सुटलो. जरा सावरल्यावर विचारलं, "भाऊ, तुम्ही तर कधी कोणाला सोबत नेत नाही. मग मलाच कशाला नेलं?"

भाऊ चपला घालत होते. वर न बघताच म्हणाले, "पिशवी जड होती नं, लेका!"